‘लागेल कधीतरी’चं काय करायचं? घर आणि घरातले कागद आवरायला पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी

बाबा गेल्यावर त्यांच्या लोखंडी कपाटात तीन पिशव्या सापडल्या. तिन्हींवर त्यांच्या ठळक अक्षरातल्या चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या: ‘महत्त्वाचे’, ‘अति महत्त्वाचे’ आणि ‘बघायचे आहे’. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद, आम्ही आठ दिवस शोधत होतो. ‘अति महत्त्वाचे’मधून निघालं काय, तर कधीच भंगारात गेलेल्या टीव्हीचं वॉरंटी कार्ड, १९९८ सालची एसटीची तिकिटं आणि माझं चौथीच्या स्कॉलरशिपचं हॉलतिकीट. सर्टिफिकेट ‘बघायचे आहे’मध्ये होतं, साडीच्या दुकानाच्या एका पिशवीत, दिवाळी अंकांतून कापलेल्या पाककृतींच्या खाली.

बाबा गबाळे मुळीच नव्हते. दर रविवारी कागद पसरून बसायचे, मागितलेला कागद दोन मिनिटांत काढून द्यायचे. पण ती सगळी व्यवस्था त्यांच्या डोक्यात होती आणि ती त्यांच्याबरोबरच गेली. तेव्हापासून आवरलेल्या घराची माझी कसोटी एकच आहे. मी घरात नसताना, मला फोन न करता, दुसऱ्याला वस्तू सापडली पाहिजे. घर देखणं दिसतंय की नाही हे नंतर.

त्यानंतर मी आईचं डोंबिवलीचं दोन खोल्यांचं घर आवरलं, मग सासरचं, आणि सगळ्यात शेवटी आमचं स्वतःचं (दुसऱ्याचं आवरणं नेहमीच सोपं). त्यात केलेल्या चुकांसकट सांगते.

आधी काय करू नका

माळ्यापासून सुरुवात करू नका. बहुतेकांना तिथूनच करावीशी वाटते, कारण पसारा तिथेच सगळ्यात जास्त. होतं असं, की अकराला शिडी लावतो, साडेअकराला पाळणा आणि लहानपणीची पुस्तकं खाली येतात, बारा वाजता सगळे फोटो बघत बसतात, आणि तीनला कंबर धरल्यावर सगळं होतं तसंच वर जातं. वर धूळ खाऊन सर्दी होते ती वेगळीच.

डबे, खोके, कप्पेवाल्या पेट्या आधी विकत आणू नका. मी आणल्या होत्या, बारा. त्या ठेवायला जागा करावी लागली.

घरातल्या दुसऱ्या माणसाची वस्तू त्याला न विचारता टाकू नका, ती तुम्हाला कितीही भिकार वाटली तरी. एकदा नवऱ्याचे जुने क्रिकेटचे पॅड रद्दीवाल्याला दिले, ते प्रकरण अजून मिटलेलं नाही. शिवाय अशाने घरच्यांचा विश्वास उडतो, आणि मग प्रत्येक जण आपापली गाठोडी लपवायला लागतो.

आणि वस्तू व कागद एकाच दिवशी हाताळू नका. वस्तू उचलून ठरवायची असते, कागद वाचून. दोन्हींना लागणारं डोकं वेगळं.

वस्तू: एका खणापासून

प्रत्येक स्वयंपाकघरात एक खण असतो ज्यात रबरबँड, संपलेले सेल, कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच माहीत नसलेल्या किल्ल्या, वाढदिवसाच्या अर्ध्या मेणबत्त्या आणि हॉटेलातून आलेली सॉसची पाकिटं असतात. तिथून सुरुवात करा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, खण उपडा करा, आतून पुसून घ्या. रिकामा, पुसलेला खण पाहिला की हात आपोआप कडक होतो. आता प्रश्न ‘काय टाकू?’ असा विचारायचा नाही. ‘यातलं काय परत आत जाणार?’ असा विचारायचा.

तीन ढीग करा: राहणार, जाणार, ठरत नाही. तिसऱ्या ढिगाला लाजू नका. तो एका खोक्यात भरा, चिकटपट्टी लावा, वर आजची तारीख टाका. सहा महिन्यांत ते खोकं उघडायची वेळ आली नाही तर न उघडता द्यायचं. उघडून पाहिलंत की गेलात!

वेळ चाळीस मिनिटं, घड्याळ लावून. त्यातली शेवटची दहा मिनिटं ‘जाणार’ ढीग घराबाहेर काढण्यासाठी राखून ठेवा. दारामागे पिशवीत ठेवलेला ढीग चार दिवसांत पुन्हा घरात विरघळतो, हे मी तीनही घरांत पाहिलंय.

स्वयंपाकघरात पुढची पायरी डब्यांची. सगळे प्लास्टिकचे डबे आणि सगळी झाकणं ओट्यावर मांडा आणि जोड्या लावा. बिनझाकणाचा डबा आणि बिनडब्याचं झाकण, दोन्हींना निरोप. आईच्या घरी झाकणं एकवीस आणि डबे चौदा निघाले, याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. आहेरातली नाव घातलेली स्टीलची भांडी आणि पितळ-तांबं मोडीत देणार असाल, तर दोन दुकानांत भाव विचारा आणि वजन डोळ्यांदेखत करून घ्या. आजीच्या नावाचं एक पातेलं मात्र ठेवा. सगळा संसार ठेवायची गरज नाही, एक पातेलं पुरतं.

कपडे देण्याआधी प्रत्येक खिसा आणि प्रत्येक साडीची घडी तपासा. बायका साडीच्या घडीत पैसे ठेवतात आणि विसरतात. आईच्या इरकलीतून दोन हजारांची एक नोट निघाली आणि जुन्या पाचशेच्या तीन. जुन्या पाचशे-हजारच्या नोटा ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर कागद झाल्या. दहापर्यंत जवळ ठेवायला हरकत नाही, त्याहून जास्त बाळगणं कायद्याने गुन्हा आहे. दोन हजारांची नोट चलनातून काढून घेतली असली तरी कायदेशीर चलन आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या ठराविक कार्यालयांत ती अजून देता येते. आपल्याकडची कार्यालयं मुंबई, बेलापूर आणि नागपूरची. टपालाने पाठवून ती रक्कम आपल्या खात्यात जमा करून घेण्याचीही सोय आहे.

चांगले कपडे कामवाल्या मावशींना विचारून द्या, त्यांच्या गळ्यात मारू नका. बाकीचे बोहारणीला. तिच्याशी घासाघीस करून आणखी एक स्टीलचा डबा घरात आणलात तर मात्र सगळं मुसळ केरात. सुती साड्यांच्या गोधड्या शिवून घेता येतात. पण ‘गोधडी करायची आहे’ म्हणून नऊ वर्षं ठेवलेलं गाठोडं ही गोधडी नव्हे.

आता माळा. वर फक्त तेच जाईल जे वर्षातून ठरलेल्या वेळी खाली येतं: गणपतीचं मखर, आकाशकंदील, प्रवासाच्या बॅगा, पाहुण्यांच्या गाद्या. काय कुठल्या कोपऱ्यात आहे याची यादी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. इतकंच.

कागद: आधी फक्त जमवा

माझ्या मते घरातला खरा पसारा हाच. जागा कमी खातो म्हणून दिसत नाही.

पहिले दोन दिवस काहीच ठरवायचं नाही, नुसतं जमवायचं. एक मोठी बादली किंवा कपड्यांची टोपली घ्या आणि घरभर फिरा. कागद कुठे असतात? देवघराच्या खणात, गादीखाली, भिंतीवरच्या कॅलेंडरमागे, फ्रिजवर, पर्सच्या आतल्या कप्प्यात, टेलिफोन डायरीत, जुन्या दिवाळी अंकांत, आणि औषधांच्या डब्यात (औषधांपेक्षा बिलंच जास्त). रद्दीत घालण्याआधी पुस्तकं आणि मासिकं धरून झटका. आमच्याकडे पोस्टाचं एक किसान विकास पत्र ज्ञानेश्वरीत निघालं.

मग टाचण्या, स्टेपलरच्या पिना आणि रबरबँड काढा. पिना गंजून कागद खातात, रबर वितळून चिकटतो. पॉलिथीनच्या पिशव्याही काढा, आत दमटपणा कोंडतो.

आता ढीग लावा, पण तारखेप्रमाणे नको. कागद कुणाचा किंवा कशाचा, त्याप्रमाणे: आईचा, बाबांचा, मुलाचा, घराचा, गाडीचा, बँकेचा. या फेरीत कागद पूर्ण वाचायचा नाही, नाव बघून टाकायचा. दोन खोल्यांच्या घरातल्या चाळीस वर्षांच्या कागदांना आम्हाला पाच संध्याकाळी लागल्या.

जे कधीच टाकायचं नाही

जन्म-मृत्यूचे दाखले, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका, पदवी, शाळा सोडल्याचा दाखला, जुने पासपोर्ट, हे तर झालंच. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच धरला जातो, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर त्याच्या दाखल्यावर नाव चढलंय की नुसतंच ‘मुलगी’ लिहिलंय, हे आजच बघा.

पण ज्याकडे सगळे रद्दी म्हणून बघतात तो कागद म्हणजे आजोबा-पणजोबांचा. पिवळा पडलेला शाळेचा दाखला, तलाठ्याकडचा जुना उतारा, गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी आणि जात पडताळणीसाठी ठराविक तारखेच्या आधीचा पुरावा मागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. नातवाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला आजोबांचा चौथीचा दाखला लागतो, आणि तो नेमका मागच्या दिवाळीत रद्दीत गेलेला असतो. वडील, काका, आत्या यांच्यापैकी कुणाचं जात वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याचीही प्रत ठेवा. कागद मोडी लिपीत असेल आणि वाचता येत नसेल, तरी टाकू नका. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक केवढी मागणी आली होती ते आठवा.

घराचे कागद. फ्लॅट असेल तर बिल्डरबरोबरचा पहिला करारनामा, मध्ये घर विकलं गेलं असेल तर प्रत्येक खरेदीखत, मुद्रांक शुल्काची आणि नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), ताबापत्र, आणि शेअर सर्टिफिकेट. साखळीतली एक कडी निखळली की घर विकताना गिऱ्हाइकाची बँक अडून बसते. आमच्या सर्टिफिकेटवर पन्नास रुपयांचे पाच शेअर आहेत, म्हणजे अडीचशे रुपये. त्या अडीचशे रुपयांच्या कागदाशिवाय आईच्या नावावर घर होत नव्हतं. तो खरंच हरवला असता तर पोलिसांत तक्रार, स्टॅम्पपेपरवर हमीपत्र, सोसायटीचा ठराव, एवढी वरात निघाली असती. गावाकडे जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन डिजिटल सहीचे मिळतात, त्यामुळे त्यांचे गठ्ठे साठवू नका. जुने फेरफार (जमिनीच्या नावबदलाच्या नोंदी), वाटणीपत्र आणि मूळ खरेदीखत मात्र जपा.

घराला पुढे काही मोठं काम केलं असेल, खोली वाढवली असेल, तर मिस्त्रीची आणि सामानाची बिलं ठेवा. घर विकल्यावर भांडवली नफा काढताना असा खर्च धरता येतो (रंगरंगोटी नाही). १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घराची त्या तारखेची बाजारभावाची किंमत धरता येते. २३ जुलै २०२४ पासून कराची आकारणी बदलली, पण बिलांची गरज काही गेली नाही.

गृहकर्ज फिटलं असेल तर मूळ कागद परत आलेत का, हे याच फेरीत बघा. पुष्कळ जण शेवटचा हप्ता भरून पेढे वाटतात आणि कागद आणायला जातच नाहीत. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. गाडीच्या कर्जाचंही तसंच: फायनान्स कंपनीचं नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या.

आणि गॅसचं व्हाउचर, ज्याला एजन्सीत ‘एसव्ही’ म्हणतात. कनेक्शन घेताना भरलेल्या डिपॉझिटचा तो कागद. कनेक्शन नावावर करताना किंवा परत करताना तोच आधी मागतात.

काही वर्षांनी टाकायचं ते

इन्कम टॅक्सचे कागद, फॉर्म १६ वगैरे, मी आठ वर्षं ठेवते; सर्वसाधारण प्रकरण पुन्हा उघडायची खात्याची मुदत त्याच्या आतच संपते. मोठ्या वस्तूंची बिलं वॉरंटी संपल्यावरही दोन वर्षं, कारण ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. लाइट बिल, घरपट्टी, सोसायटीच्या पावत्या: शेवटची दोन-तीन वर्षं पुरेत. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक तेवढा कुठेतरी लिहून ठेवा. घर विकायला काढणार असाल तर घरपट्टीच्या पावत्या विक्री होईपर्यंत हलवू नका.

आरोग्य विम्याच्या पॉलिसी मात्र पहिल्या वर्षापासूनच्या ठेवा. सलग ६० महिने विमा चालू राहिला की फसवणुकीचा मुद्दा सोडला तर आधीचा आजार सांगितला नव्हता या कारणावरून दावा नाकारता येत नाही. सलगता सिद्ध करायला जुन्या पॉलिसीच कामी येतात. रिपोर्टचं म्हणाल तर प्रत्येक ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड कायम ठेवा, नेहमीच्या रक्ततपासण्या दोन-तीन वर्षांच्या. एक्स-रेच्या फिल्ममध्ये चांदी असते म्हणून त्या विकत घेणारे भंगारवाले असतात. डॉक्टरांना विचारून जुन्या द्यायला हरकत नाही.

बंद पडलेल्या वाटणाऱ्या खात्यांची पासबुकं पटकन फाडू नका. देना बँकेचं पासबुक बघून आई म्हणाली, ‘अगं, ती बँकच बुडाली.’ बुडाली नाही, १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली, आणि खात्यात पैसे होते. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण तिथूनही वारसांना मागता येतात. कुठल्या बँकेत काय पडून आहे ते ‘उद्गम’ पोर्टलवर नाव घालून शोधता येतं. कागदी शेअर सापडले तर तेही जपा. १ एप्रिल २०१९ पासून ते डीमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, केल्याशिवाय विकता येत नाहीत, आणि सात वर्षं लाभांश घेतलेला नसेल तर शेअरच सरकारच्या निधीकडे गेलेले असू शकतात. तरी हक्क जात नाही. फक्त धावपळ वाढते.

आजच टाकायचं ते

मुदत संपलेल्या विम्यांची माहितीपत्रकं, बँकांची जाहिरात-पत्रं, एटीएमच्या कोऱ्या झालेल्या चिठ्ठ्या, नसलेल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका, लग्नपत्रिका (आवडती एक ठेवा), कुरिअरची पाकिटं, आणि आधार-पॅनच्या झेरॉक्स. या झेरॉक्स आईकडे बासष्ट निघाल्या. त्या रद्दीत जशाच्या तशा घालू नका. भेळेच्या कागदावर आपलं आधारकार्ड बघायची वेळ नको. घरी तुकडे करायचं यंत्र नसलं तरी चालतं. बादलीभर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी हाताने कुस्करा, लगदा करा आणि कुंडीखाली नाही तर कचऱ्यात. क्रेडिट कार्ड कात्रीने चिपवरून कापा. इथून पुढे झेरॉक्स देताना त्यावर तारीख आणि कशासाठी ते लिहून सही करा, आणि चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

फायली

पाचच फायली केल्या: माणसं, घर, पैसा, आरोग्य, आणि यंत्रं-गाडी. प्लास्टिकचे पारदर्शक कप्पे असलेल्या. बाहेर घरात जो शब्द बोलतात तोच लिहा. ‘विद्युत देयके’ लिहिलंत तर घाईच्या वेळी कुणाच्या डोळ्यांना ते दिसणार नाही. ‘लाइट बिल’ लिहा. ‘महत्त्वाचे’ असं तर कशावरच लिहू नका.

‘माणसं’ फायलीत प्रत्येकाचा एक कप्पा. तो भरताना एक गंमत दिसेल: एकाच माणसाची चार नावं असतात. आईच्या पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकावर आडनाव आधी, पेन्शनच्या कागदावर वडिलांच्या जागी नवऱ्याचं आद्याक्षर. हे जोडणारा दुवा, म्हणजे विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद, त्याच कप्प्यात सगळ्यात वर ठेवा. पुढच्या पिढीत आणखी एक नाव वाढणार आहे, कारण १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचं असं राज्य सरकारने ठरवलं आहे.

मूळ कागद लॅमिनेट करू नका. कधी मागच्या बाजूला शिक्का किंवा साक्षांकन लागतं, आणि मग ते प्लास्टिक सोलताना कागदही सोलला जातो. दुकानातली गुळगुळीत बिलं उष्णतेने छापली जातात, ती वर्ष-दोन वर्षांत कोरी होतात. हवी असतील त्यांची आल्या दिवशी झेरॉक्स काढा किंवा फोटो. लॅमिनेट केलीत तर जागच्या जागी काळी होतील, मी करून पाहिलंय.

कोकण-मुंबईच्या हवेत कागदाचे खरे शत्रू दोन: ओल आणि कसर. फायली बाहेरच्या भिंतीला लागून आणि जमिनीलगत ठेवू नका, पावसाळ्याआधी एकदा पंख्याखाली उलगडून ठेवा. कडुनिंबाचा पाला घालणार असाल तर तो पूर्ण वाळलेला हवा. आमच्या एका ट्रंकेत ओला पाला घातला होता, कसर गेली आणि बुरशी आली.

फोनमध्ये

डिजिलॉकर हे कागद ठेवायचं सरकारी अ‍ॅप घ्या, फुकट आहे. पण त्यातला एक फरक कुणी नीट सांगत नाही. सरकारी खात्याकडून थेट आलेला कागद, म्हणजे ‘इश्यूड’ यादीतला, कायद्याने मुळाच्या बरोबरीचा. तुम्ही फोटो काढून वर चढवलेला, म्हणजे ‘अपलोडेड’, हा नुसता फोटो. बाकी कागदांचे स्कॅन काढा, पण फाइलला नाव द्या. ‘आई_पॅन’, ‘घर_करारनामा_१९८६’ असं. फोनने दिलेल्या आकड्यांच्या नावाखाली कागद तितकाच हरवतो जितका साडीच्या पिशवीत.

एक पान

हे सगळं झालं की एक पान लिहा, हाताने, मोठ्या अक्षरात. कुठल्या बँकेत खाती, लॉकर कुठे आणि किल्ली कुठे, विमे कुठले आणि एजंट कोण, कर्ज कुणाचं देणं आहे, कुणाकडून येणं आहे, पीएफचा यूएएन क्रमांक, लाइट-गॅसचे ग्राहक क्रमांक, कुठला कागद कुठल्या फायलीत. पासवर्ड आणि पिन इथे नकोत. प्रत्येक ओळीपुढे नॉमिनी कोण तेही लिहा. लिहिताना कळेल की लग्नाआधी उघडलेल्या खात्याला अजून वडीलच नॉमिनी आहेत, आणि ते हयात नाहीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. सोसायटीचा नॉमिनेशनचा फॉर्म वेगळा असतो, तो वेगळा भरा.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज मात्र काढून टाका. कंपनीच्या शेअरपुरतं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय, की नॉमिनी हा पैसे हाती घेणारा, मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. म्हणून मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांसमोर सही लागते, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत. ते केवळ लॉकरमध्ये ठेवू नका. माणूस गेल्यावर लॉकर उघडायलाच कागद लागतात.

या पानाची एक प्रत आईकडे आहे, एक माझ्याकडे. दर वर्षी पाडव्याच्या सुमारास, मार्चअखेरची गडबड ओसरली की, आम्ही ते नव्याने लिहितो आणि त्याच दिवशी फायलींतले मुदत संपलेले कागद भिजत घालतो.

मागच्या पाडव्याला मी आईला न सांगता बाहेरच्या खोलीतून मुलाला म्हटलं, ‘आजीच्या गॅसचं व्हाउचर आण.’ तो नववीत आहे, त्या घरात महिन्यातून एकदा जातो. चार मिनिटांनी व्हाउचर घेऊन आला. दुसऱ्या हातात माझं चौथीचं हॉलतिकीट होतं, आणि हे कुठल्या फायलीत ठेवायचं, असं विचारत होता.